सात पायऱ्या आणि एक चौकोन

सूर्राव अण्णाला धाकट्या बहिणीचा, नूकरत्नमचा नमस्कार. आम्ही इथे गोदावरीतल्या बेटावर धडधाकट आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते वहिनीला लिहायला सांग, तू खोटं लिहितोस.

कचेरीतून हारिका नावाची मुलगी आलीय. (हुशार आहे, पण जेवते चिमणीएवढं.) ती नकाशातल्या उंचीच्या आकड्यांचं चित्र करते. उंच जागा पांढरी, सखल जागा काळी. मग कॉम्प्युटरवर त्यात पुराचं पाणी सोडते, आणि जी घरं बुडलेली दिसतील ती सरकार बांधापलीकडे हलवणार. शाळेत सगळं बेट जमलं. पाणी सोडलं, तर पहिलं कोण बुडालं? आपण! सात पायऱ्यांच्या जोत्यावरचं अप्पांचं घर! आणि वीर्राजूचा गोठा, जिथे बेडकांचे संसार चालतात, तो ठणठणीत कोरडा. वर मेला म्हणतो, "ये रत्नम, म्हशीशेजारी जागा आहे."

मी तिला धरलंच. ती म्हणाली, "मावशी, हे चित्र चौकोनाचौकोनांचं असतं, एका चौकोनाला एकच उंची. तुमच्या चौकोनात मागचं डबकं आलं, त्यांच्यात देवळाचा उंचवटा. आम्ही सरासरी काढतो." म्हटलं, माझा आणि माझ्या नवऱ्याचा स्वभाव मिळून सरासरी काढलीस तर दोघं शहाणी निघू का? (नवरा मान डोलावत होता. घरी आल्यावर बघितलं त्याच्याकडे.) मग हाताला धरून आणली, टेप लावून पायऱ्या मोजायला लावल्या. पोरगी गुणाची, चौकोन बारीक करते म्हणाली. फक्त विचारलं, "शहाऐंशीच्या पुरात पाणी कुठवर होतं? त्यावर चित्र ताडून बघते." मी सगळ्यांदेखत सांगितलं, खालच्या पायरीला शिवून परत गेलं. तिने लिहून घेतलं. आता चित्रात आपलं घर कसं पांढरंशुभ्र दिसतंय!

तुझी,
नूकरत्नम

ता. क. मागच्या खोलीत अप्पांनी पुराच्या पाण्याची हळदीने ओढलेली रेघ आठवते? तीनदा चुना फासला मी. चुना लागला की हळद लाल होते, रेघ दरवेळी जास्तच दिसते. शेजारी उभी राहिले की माझ्या छातीपर्यंत येते. सुनेला आठवा महिना आहे, तिची खाट त्याच खोलीत.

ता. क. दुसरा. मी तेव्हा चार वर्षांची, तुझ्या खांद्यावर. पाणी तुझ्या कुठवर होतं ते खरं लिही. पत्र शुक्रवारच्या आत, हारिकाच्या नावाने, कचेरीत पाठव. माझ्या हातात पडलं तर मी ते तिला देईन, याची मला खात्री नाही.