पितराचा पाट

कारधा,
१ एप्रिल २०२६

चि. कमलेश यास रुखमिणीकाकूचे आशीर्वाद.

देवाच्या कृपेने आम्ही दोघे बरे आहोत. तू पाठवलेली पेटी मिळाली. भुपेंद्रचे कपडे धुऊन, घडी घालून पाठवलेस. धुवायला नको होते रे. असो. स्वेटर काकांना होतो.

इकडे ऊन तापले. चिंच फोडून वर्षाची भरून ठेवली.

दिवाळीत भुपेंद्र सांगत होता, "आई, आमच्या लॅबमधल्या चुंबकाले हेलियमनं इतकं थंड ठेवतो का, त्यात एकदा सोडलेली वीज फिरतच राहते. वायाच जात नाही." मी विचारले, "मंग बिल?" तर हसत सुटला. "बिल थंड ठेवाचं येते ना!" मी हिशेब लिहिणारी बाई, मला ती न संपणारी वीज फार आवडली होती.

पेटीत तुझी चिठ्ठी होती. "काकू, मी आत गेलो नाही." एवढेच. काकांना दाखवली नाही. ते माघापासून तेच म्हणतात, "पोरगा आत पडला, अन् हा दारात उभा राहून पायत होता. दोस्त म्हणे!"

तुमच्या साहेबांनी समजावले होते. हेलियम उसळला, खोलीतली हवा हाकलली गेली. वास नाही, रंग नाही. ऑक्सिजनचा मास्क आल्याशिवाय कोणी आत जायचे नाही.

माझ्या माहेरी, लाखांदूरकडे, गोदावरीबाईचा थोरला विहिरीतला गाळ काढायला उतरला अन् तळाशीच पडला. धाकटा त्याच्या मागे धावला. एका अंगणातून दोन तिरड्या निघाल्या. तेव्हापासून तिथे आधी कंदील सोडतात, तो विझला नाही तरच माणूस.

परवा जेवताना मी काकांना म्हटले, "कमलेश आत गेला असता अन् तोही पडला असता, तर त्याच्या मायनं आपल्या भुपेंद्रले काय म्हटलं असतं?" ते ताटावरून उठले. काल भंडाऱ्याहून मातीची घागर घेऊन आले. म्हणाले, "अक्षय तृतीयेले त्याच्या नावानं भरू. पाटावर त्या पोरालेच बसव."

आपल्यात गेलेल्याच्या वयाचे माणूस पितर म्हणून जेवू घालतात, तुला ठाऊक आहे. १९ तारखेला रविवार आहे. चिंच-गुळाची चिंचोणी, शेवया, वडे करीन. स्टँडवरून ऑटो मिळतो, आधी भाव करून घे.

आमच्या दारात उभा राहू नको, बाबा. सरळ आत ये.

वाट पाहणारी,
भुपेंद्रची आई