गाडीतूनच माहेरी

२५ एप्रिल, शुक्रवार
ठरलं. यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं ते नातवाच्या, भूषणच्या ट्रकात बसून. रीत अशी की माहेरून मुऱ्हाळी न्यायला येतो, मगच लेकीने निघायचं. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या लेकीला मुऱ्हाळी कशाला? धुळ्याकडे रुपचंदभाऊला फोन केला. म्हटलं, कोणाला धाडू नको, भूषण आणतोय, घरच्या गाडीतून. भाऊने दोनदा विचारलं, ट्रकातून? आनंदाने असेल. वहिनी मागून म्हणे, एवढं धूड उभं कुठे करायचं? जळते ती. लग्नापासूनच.

२६ एप्रिल, शनिवार
ट्रक मागून कण्हतो. जुना आहे, मी पण कण्हते, म्हणून कोणी मला खोललं नाही. भूषण म्हणे, आजी, आवाज मागच्या एक्सलमधून येतो, तेल बघतो. खाली शिरला, बूच काढलं आणि फोन आला. त्याचा फोन म्हणजे वरण शिजून होतं.
आमच्या सासऱ्यांच्या वेळी जुनी गाडी विकताना तिला पिकलं केळ भरायचे, आवाज बंद. आपल्या असोद्यात केळ्याला काय तोटा. चार सालीसकट कुस्करली, लेकराला भरवावं तशी बोटाने आत सारली. भूषण आला तर म्हटलं, बघितलं मी, गच्च भरलेलं आहे. खोटं काहीच बोलले नाही. त्याने पान्याने बूच आवळलं. संध्याकाळी चक्कर मारून आला, म्हणे आवाज गेला. शिकलेली असते तर गॅरेजच टाकलं असतं.

२७ एप्रिल, रविवार
निघालो. मागे धुळ्याला द्यायचा केळीचा माल, पुढे मी नव्या लुगड्यात. स्टँडवर भूषणला मुद्दाम हॉर्न वाजवायला लावला. ही भागाबाई एवढ्या उंचावर बसलेली गावाने पहिल्यांदा पाहिली.
एरंडोलच्या पुढे मागून कडाड. इंजिन चालू, गिअर पडतो, चाक हलत नाही. मी लगेच ओळखलं, रस्ता खराब आहे.
दुसऱ्या गाडीने ओढून चुडामण मिस्त्रीच्या गॅरेजात आणलं. मी खाली उतरले नाही. गाडी चालू झाल्याशिवाय उतरणार नाही, असं सगळ्यांना सांगून टाकलं. म्हणजे कामाला जोर येतो.

२८ एप्रिल, सोमवार, सकाळी
उतरले होते, पण ते आंघोळीपुरतं. ते धरत नाही.
चुडामणने चाकातून एक्सलचा दांडा ओढला, तर अर्धाच आला. मग दोन्ही चाकांमधला दातेरी चक्रांचा गोळा काढला. दात झडलेले, बेअरिंग जळून निळं. त्याने हाताचा वास घेतला. म्हणे, भाऊ, यात प्रसादाचा शिरा कोणी केला? भूषणने माझ्याकडे बघितलं. मी शेंगा सोलत होते. म्हटलं, ज्याने तुला गाडी विकली त्यानेच भरलं असेल, लोक फार लबाड. भूषण म्हणे, आजी, त्याला नऊ वर्षं झाली, आणि साल अजून पिवळी आहे. म्हटलं, बंद जागेत वस्तू टिकते.
मग तो उठून बाहेर चाकाशी जाऊन बसला. हा ट्रक हेच त्याचं पोट. पण त्याचा राग गाडीवर आहे, माझ्यावर नाही.
माल दुसऱ्या ट्रकातून गेला. त्यात बस म्हणाले. परक्या ट्रकात मी? ना.

२९ एप्रिल, मंगळवार
भाऊचा मुलगा प्रेमराज मोटारसायकलवर आला. मी सांगूनसुद्धा मुऱ्हाळी धाडलाच. म्हणे, फुई, बस ना मन्हा मांगे, बठ्ठा वाट देखी राह्यनात. सगळे माझी वाट बघतायत! गोड पोरगा. पण ट्रकातून येते म्हटलेली बाई फटफटीवर गेली तर वहिनी आखाजी सोडून तेच साजरं करेल. नको म्हटलं. तो म्हणे, उद्या मी येणार नाही, मला माझ्या बहिणीला आणायला जायचंय. जेवला आणि गेला. धुरळा दिसेपर्यंत बघत होते. डोळ्यात गेला.
चुडामणने भंगारातून जुना गोळा आणि दांडा आणला. ट्रक मागून जॅकवर, त्यामुळे मी सीटवरून सारखी काचेकडे घसरते. उतरायला दोन माणसं लागतात. कोणाला हाक मारायची नाही, असं मीच ठरवलंय. बाहेर ऊन, आत त्याहून जास्त. बरं चाललंय.

३० एप्रिल, आखाजी, दुपारी
ट्रक चालू झाला. मी म्हटलंच होतं.
चुडामण म्हणे, जुन्याला जुनं जोडलंय. रिकामी आणि हळू न्या, सरळ घरी. धुळ्याचं नाव काढू नका. भूषण म्हणे, आजी, तुला एरंडोल स्टँडवर एसटीत बसवून देतो, संध्याकाळपर्यंत पोहोचशील. चालू गाडीतून उतरून एसटीत? मग तीन दिवस बसले कशाला? म्हटलं, वळव. मीच म्हटलं. भूषणला बरं वाटलं, मी त्याला अडचणीत आणत नाही कधी.

संध्याकाळी, असोदा
भाऊचा फोन. म्हणे, ट्रकला जागा करायला लिंबाला टांगलेला आखाजीचा झोका सोडला होता, आता पोरांसाठी परत बांधतोय. म्हटलं, बांध. गाठ घट्ट मार.
गाडी दारात उभी आहे, मी अजून सीटवर. भूषण हातपाय धुवायला गेला. गल्लीतल्या सासरहून आलेल्या पोरी विचारतात, आजी, इतक्या लवकर आल्या माहेरून? हो म्हणते. नातसून सारिका दोनदा येऊन गेली. आता विचारते, चहा वरच देऊ का?
दे म्हटलं.