डावीकडचं काळं

९ सप्टेंबर २००४, जाफराबाद

लागला! पांढरा उजेड पडला आणि विटा दिसल्या! दादाच्या त्या हातातल्या जुन्या व्हिडिओगेमला उन्हाशिवाय काही दिसायचं नाही. पडद्यामागचा चंदेरी कागद ब्लेडने खरवडून काढला, मागे पांढरा एलईडी बसवला, नवी फिल्म लावली. काच तडकली असती तर दादाला तोंड दाखवायची सोय नव्हती.

स्टँडवरचे लोक हसतात. चाळिशी ओलांडलेला माणूस, काळीपिवळी जीप चालवतो, आणि नंबर लागेपर्यंत पोरासारखा विटा रचत बसतो! हसू देत. वहिनी वारल्यावर नंबर लागेपर्यंत तो कुठे बसायचा ते मला माहीत आहे. यंदा वैशाखी पौर्णिमेला विहारात पुन्हा पंचशील घेतलं. पाचवं शील म्हणताना त्याचा आवाज फुटला. तेव्हापासून दारूचा थेंब नाही. पण हात रिकामे राहिले की आमचा दादा, कडूबा जाधव, पुन्हा गुत्त्यावर — हे मी लिहून देतो. म्हणून हा गेम चालला पाहिजे. बस्स.

१२ सप्टेंबर

दादा गेम घेऊन परत माझ्या दुरुस्तीच्या दुकानात. "डाव्या अंगाला काळं दिसून राह्यलं रे देवा."

असणारच. एलईडी उजवीकडे एकच बसवलाय, उजेड पलीकडे पोचत नसेल. माझीच घाई! डावीकडे दुसरा बसवला.

दुसरं गिऱ्हाईक सर्जेराव, त्यांच्या टेपचा डावा स्पीकर मुका. दोन्ही स्पीकरच्या तारा अदलून-बदलून पाहिल्या, तर आता उजवा मुका. म्हणजे स्पीकर चांगले, खोट टेपमध्ये. मला काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, खोट सापडत नसेल तर आधी बाजू बदल. चहा पिऊन होईस्तोवर काम फत्ते. सगळी कामं अशी असती तर!

१६ सप्टेंबर

पुन्हा तेच. "अर्ध्याला काळंच हाय." मी घेऊन पाहिला तर या कडेपासून त्या कडेपर्यंत लख्ख! त्याच्या हातात दिला की काळं. टेबलावर ठीक आणि गिऱ्हाइकाच्या हातात बंद — आमच्या धंद्यात याला एकच नाव, लूज कॉन्टॅक्ट. दादाची पकड जबर, दाबला की आत कुठेतरी सुटत असणार. पडद्याच्या पट्टीला सगळीकडे नव्याने सोल्डरचे डाग दिले. डोळे चुरचुरतायत.

१९ सप्टेंबर

नाही झालं.

२२ सप्टेंबर

आज त्याला समोर बसवून खेळायला लावलं. सगळ्या विटा उजवीकडे रचतो आणि डावीकडची रांग मोकळीच सोडतो! म्हटलं, "दादा, तिकडं जागा आहे की!"

"कुठंय?" वैतागला. "तूच बिघडवला बघ. पहिले उन्हात का होईना, बराबर दिसायचं."

लागलं मनाला. पण खोटं काय बोलला? मी हात लावायच्या आधी त्याची तक्रार नव्हती. गेम टेबलावर टाकून गेला. रिकाम्या हाताने गेला. मला भीती वाटते.

२५ सप्टेंबर

जीपचा डावा आरसा फुटला. दादा म्हणतो, फाटकाला घासली. जेवताना डाव्या हाताशी ठेवलेला तांब्या लवंडला. मायने सांगितलं, "सकाळी उठल्यापासून डोकं ठणकून राह्यलं त्याचं. उलटी बी झाली."

सकाळचं डोकं, सकाळची उलटी. हे नाटक या घराने आधी पाहिलंय. जवळ जाऊन वास घेतला, नुसती तंबाखू. पण वास लपवणं पिणाऱ्याला शिकवावं लागत नाही. सरळ विचारलं, "पाचवं शील मोडलंस ना?"

"मायची आण, न्हाई रे."

विश्वास बसला नाही. मनातून उतरला तो माझ्या.

३० सप्टेंबर

माझ्या हातात पडदा आजही लख्ख.

४ ऑक्टोबर

काय लिहू. धावड्याच्या रस्त्यावर दादाच्या जीपखाली साळूबाई आली. गेली बिचारी. डोक्यावर गवताचा भारा, रस्त्याच्या डाव्या कडेने घराकडे चालली होती. दिवसाउजेडी, सरळ रस्ता! जीपमधले लोक सांगतात, ब्रेकसुद्धा दाबला नाही. तिचा रेडिओ माझ्याच मांडणीवर आहे. परवा न्यायला येते म्हणाली होती.

स्टँडवर एकच बोलणं — "पेल्ता असन." ठाण्यात जमादाराने मला विचारलं, भाऊ पितो का? रागात होतो. म्हणालो, "सुटली होती साहेब, पुन्हा सुरू झालीय." त्याने तेच लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. दादा बाकावर बसला होता. त्याने ऐकलं.

७ ऑक्टोबर

दादाला जामीन मिळाला. रक्ताचा रिपोर्ट अजून यायचाय. माय माझ्याशी बोलत नाही. दादा भिंतीला टेकून बसून राहतो. आज आपणहून एवढंच म्हणाला, "पेलो न्हवतो रे मी. ती बाई एकदम आली. कुठून आली, कळलंच न्हाई."

कुठून आली! कडेने चालणारी बाई, डोक्यावर एवढा भारा! चीड आली. जेवलो नाही.

९ ऑक्टोबर

साळूबाईचा नवरा तातेराव रेडिओ न्यायला आला. लावून दाखवला. शिव्या देईल वाटलं होतं. मान हलवून, रेडिओ काखेत धरून निघून गेला.

त्याच्यामागे टेबल आवरताना दादाचा गेम हाताला लागला. पुन्हा उघडायला घेतला आणि मग थांबलो. सर्जेरावांच्या टेपला पहिल्याच झटक्यात केलं, ते याला एकदाही केलं नाही — बाजू बदलून पाहिली नाही.

१० ऑक्टोबर

सकाळी गेम खालीवर उलटा करून दादाच्या हातात दिला. खोट पडद्यात असती, तर काळं आता उजवीकडे जायला हवं होतं.

"डावीकडंच हाय," दादा म्हणाला.

मी खाटेवर बसलो. पडदा पहिल्यापासून चांगला होता, काळं दादाच्याच नजरेत होतं. दादा प्यायला नव्हता. त्याला साळूबाई दिसलीच नव्हती.

तो अजून गेमकडेच बघत होता. म्हणाला, "होईल का रे दुरुस्त?"