देवीची थोरली बहीण

धाकटे,

बारा जानेवारीला सकाळी नऊ चाळीसला तू मला देवीच्या डोंगरावर शंभराव्या पायरीवर बसवलंस. म्हणालीस, "ताई, देवीची थोरली बहीण इथेच थांबली होती. इथून हात जोडले तरी पोचतात." मी बसले. दोघीतिघी तर मलाच नमस्कार करून गेल्या.

तू वर असताना पुजारी खाली उतरत होते, त्यांना विचारलं. म्हणाले, "देवीला बहीणच नाही, बाई."

शाळेत मदर सुपीरियरसमोरसुद्धा तू कधी खोटं बोलली नाहीस. मग देवीच्या दारात कथा का रचलीस? आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला वजन करायला बाहेर पाठवलं, तेव्हा ते तुला काय म्हणाले?

शुक्रवारी पाचच्या आत लेखी कळव. फोनवर तू रडतेस, आणि समजूत मला काढावी लागते.

तुझी,
अजून धडधाकट ताई