गुळव्याची शुगर

१४ नोव्हेंबर

ह्यांची शुगर परत दोनशे साठ! भात बंद, चहा बिनसाखरेचा, दोन भाकऱ्यांची एक केली. मग वाढते कुठून? चोरून गूळ खात असणार. सगळा जन्म शिरोळला गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून गेला — जिभेला सवय ती! विचारलं तर खवळले. "खाल्ला न्हाय म्हंजे न्हाय! तुझ्या गळ्याशप्पत!"

माझ्या गळ्याची शपथसुद्धा खोटी घेतात.

१७ नोव्हेंबर

गुळाचा डबा कपाटात ठेवून कुलूप घातलं.

२५ नोव्हेंबर

कुलूप लावूनही दोनशे सत्तर. भाकरी अर्धीवर आणली. सूनबाई म्हणाली, "आत्ती, मामा लई वाळल्यात की." मी म्हटलं, वाळतील कसले, दुकानातनं आणून खात असतील — चोर! ह्यांनी ऐकलं. ताटावरून उठताना भिंत धरली. उकळत्या रसाची अवजड काहील भट्टीवरून उतरवायला सगळ्यांच्या पुढे असणारा माणूस! पोराकडे कोल्हापुरात आलो तेव्हापासून नुसते खुर्चीत बसून असतात.

३ डिसेंबर

नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी गुळाचं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी ह्यांची मांडी चाचपली, म्हणाल्या, "आजी, गूळ न खाताही असं होतं. जेवणातली बरीच साखर स्नायू ओढून घेतात. वय झालं की स्नायू झिजतात, इन्सुलिनचं पहिल्यासारखं ऐकत नाहीत. बसून राहिलं की आणखीच. आणि तुम्ही जेवण तोडलंत, त्यात उरलंसुरलं मांसही गेलं."

म्हणजे हे खरंच बोलत होते! मी त्यांच्या तोंडचा घास काढला आणि वर चोर म्हटलं. रिक्षात शेजारी बसले होते. माफी मागावी म्हटलं, पण जमलं नाही. आजवर कधी मागितलीच नाही ना! फार रडू आलं.

८ डिसेंबर

डाळ, अंडी सुरू केली. खुर्चीवरून उठबस करून घेते. पाय लटपटतात, तरी करतात बिचारे. उद्या नक्की बोलेन.

११ डिसेंबर

न्हाणीत पडले. खुबा मोडला. परवा ऑपरेशन. देवा, एवढं निभावून ने.

१९ डिसेंबर

हे गेले, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी. भेटायला येणाऱ्यांची रीघ आज जरा कमी झाली.

ऑपरेशनला नेताना हात धरून एकदाचं म्हटलं — चुकलं माझं, तुम्ही गूळ खाल्लाच नव्हता. तर माझ्याकडे बघून म्हणाले, "उगं जिवाला लावून घिऊ नगंस. खाल्लाता मी. तुझं बरोबर हुतं."

अख्ख्या संसारात माझ्याशी एकदाच खोटं बोलले.