न फुटणारी थाळी

४ फेब्रुवारी
आज कपबशी फुटली. बायको म्हणते मी फोडली. मी फक्त भिंतीकडे फेकली. फुटायचं की नाही हे कपबशीनं बघायचं. मी मुळात शांत माणूस. पण वस्तू इतक्या तकलादू बनवल्यावर कुणाचं डोकं फिरणार नाही? बायकोनं सांगून टाकलं, आता आणखी एक भांडं फुटलं की ती माहेरी जाणार, आणि कायमची.

५ फेब्रुवारी, पहाटे
संकल्प: आजपासून राग बंद.

त्याच दिवशी, नाश्त्यानंतर
इस्त्री. पण इस्त्री भांड्यात मोडत नाही.

८ फेब्रुवारी
ऑफिसात आयडिया सुचली. मी प्रॉडक्ट डिझायनर, आणि इतके दिवस दोष स्वतःत शोधत होतो! स्वभाव बदलण्यापेक्षा थाळी बदलावी. जी फुटत नाही ती कचऱ्यात जात नाही. पृथ्वीही वाचेल, संसारही. साहेबांना पटेना. टेबलावर मूठ आपटून शांतपणे समजावलं. लगेच पटलं.

१५ फेब्रुवारी
पहिली थाळी, कागदाच्या लगद्याची. टेस्टिंग म्हणून भिंतीवर मारली. भुगा. साचे बनवणारा हसला. त्याची कॉलर धरली, ती केवळ चर्चेसाठी.

२६ फेब्रुवारी
दुसरी. जुन्या टायरचा चुरा आणि लाकडाचा भुसा, साच्यात तापवून दाबलेला. जिन्यावरून फेकली, हातोड्यानं बडवली, साहेबांच्या गाडीखाली घातली. ओरखडासुद्धा नाही! डोळ्यांत पाणी आलं. हातोडा अंगठ्यावरही बसला होता.

१ मार्च
घरातली सगळी जुनी भांडी काढून टाकली, नव्या थाळ्या मांडल्या. बायकोला म्हटलं, आता काही फुटणार नाही, म्हणजे तुला जायचं कारणच उरलं नाही. तिनं डोळ्यांना पदर लावला. आनंदाश्रू असावेत.

३ मार्च
भाजीत मीठ नव्हतं. थाळी भिंतीवर. उसळून थेट माझ्या पायाशी परत! काय डिझाइन आहे! पुन्हा फेकली. पुन्हा परत. दमेपर्यंत फेकली. बायको बाथरूमला आतून कडी लावून बसली होती. आवाजाचं बघायला हवं. पुढच्या मॉडेलला खाली फेल्टचा मऊ थर लावू.

७ मार्च
मेहुणा जेवायला आला. म्हणाला, भाऊजी, डोकं दाखवून घ्या. थाळी भिंतीवरून कपाटावर, कपाटावरून त्याच्या भुवईवर. टाके पडले. त्यानं मला गुद्दा घातला, माझा पुढचा दात पडला. थाळी शाबूत.

८ मार्च
बायको बॅग भरून निघाली. मी दार अडवलं. एकेक थाळी उलटीसुलटी करून दाखवली. म्हटलं, बघ, एकही फुटलेली नाही, तुझी अट मी अक्षरशः पाळली. तिनं बॅग खांद्यावर घेतली आणि म्हणाली, आधी भांडं फुटलं की निदान तू थांबायचास.

मी बाजूला झालो. थाळ्या परत रचून ठेवल्या, एकही फेकली नाही. ओठ सुजलाय, त्यामुळे असेल.