आभाराचा कागद

प्रिय रोशेल,

लिहितेय शेजारची मार्लीन, बोलतेय मी. अक्षराला नावं ठेवायची तर तिला ठेव, बाकी सगळ्याला मला.

तुझं आमंत्रण पोचलं. जूनमध्ये कॉलेजचा नवा धक्का सुरू होणार, आपल्या तळ्यात मोटरबोटी उतरणार, आणि त्याआधी तू लिहिलेला आभाराचा कागद वाचला की मी आशीर्वाद द्यायचा. वा गं वा! चोराने घरमालकिणीचं नाव आदराने घ्यावं आणि तिनेच दार धरून उभं राहावं!

गेल्या पानगळीत तुझ्या हट्टापायी तुझ्या कॉलेजात आले होते. प्राचार्यांनी कागद वाचला. “आम्ही अनिशिनाबे लोकांचे ऋणी आहोत, तेच या भूमीचे मूळ राखणदार,” म्हणाले, म्हणजे आपलेच ऋणी, आणि सगळे माना खाली घालून उभे राहिले. मी बाजूला उभ्या बाईला विचारलं, “कोण गेलं हो?” तू कोपर मारलंस. मग मला भेट काय, तर दुकानातली रानभाताची पिशवी! तळ्यात आपसूक उगवणारा भात पिढ्यान्‌पिढ्या राखला आपण, आणि हा कुठल्याशा शेतात यंत्राने काढलेला, काळा कुळकुळीत. दोन तास शिजवला, तरी दाताखाली खडे. कुत्र्यानेही नाक मुरडलं.

राखणदार म्हणे! माझी आई कणसं चोळून बघायची, दाणा पिकला का ते. ती हो म्हणेपर्यंत कुणाची होडी पाण्यात जात नसे. एकदा माझ्या बापाने दोन दिवस आधी घाई केली, तर तिने भर वस्तीत त्याच्या कणसं होडीत झोडपायच्या काठ्या मोडून चुलीत घातल्या. सख्ख्या नवऱ्याच्या! राखणं त्याला म्हणतात.

जूनमध्ये भाताची पानं पाण्यावर आडवी पसरलेली असतात, मुळं चिखलात जेमतेम. बोटीची एक लाट आली की रोप उपटून वर. हे तुला पाचव्या वर्षी ठाऊक होतं. तुझ्या कागदात पूर्वज आहेत, आत्मे आहेत, कृतज्ञता तर तीनदा आहे. भात एकदाही नाही. विसरलीस, की कॉलेजातल्या नोकरीसाठी भ्यालीस?

मी येणार आहे, पण सभेत नाही. धक्क्यासमोर, भाताच्या कडेला, होडीत बसेन. राखणदार हवी होती ना त्यांना? बघू, इंजिन कोण सुरू करतं. अडचण एकच. होडीत एकीने बसायचं, तर दुसरीने उभं राहून लांब काठीने ती रेटायची, आणि माझे गुडघे आता उभं राहू देत नाहीत. मार्लीनला पोहता येत नाही, हे वाक्य लिहिताना ती रुसली आहे. म्हणून हे पत्र, पोरी. कागद तिथे कुणीही वाचेल. काठी धरायला तू येतेस का?

तुझीच, अजून न बुडालेली,
आजी